माझ्या नावावर दुसरीची थकबाकी

९ मार्च २०२४ रोजी, शनिवारी दुपारी, कॅलिफोर्नियातील सनीव्हेलजवळच्या एका गाड्यांच्या डीलरकडे बसले असताना तेथील कर्ज पाहणाऱ्या गृहस्थांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे न वळवता विचारले, की टेक्सासमधल्या अपार्टमेंटचे थकलेले भाडे मी भरणार आहे का. टेक्सासमध्ये मी एकदाच, आणि तेही विमान बदलण्यापुरती, उतरले होते. आमची जुनी गाडी त्याच आठवड्यात कायमची बंद पडली होती आणि नोकरीला जाण्यासाठी दुसरी घेणे भाग होते, त्यामुळे ६.४९ टक्क्यांऐवजी १२.४९ टक्के व्याजाने २४,००० डॉलरचे पाच वर्षांचे कर्ज घेऊन मी घरी आले. दरमहा हप्ता सुमारे ७० डॉलरने वाढला. ही रक्कम फार मोठी नाही, पण ती भरण्याचे कारण मला कोणी सांगू शकत नव्हते, आणि पुढचे नऊ महिने त्या कारणाचा शोध घेण्यात गेले.

त्याच रात्री तिन्ही मोठ्या क्रेडिट ब्युरोंचे, म्हणजे प्रत्येकाच्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपन्यांचे, अहवाल उतरवून घेतले. ॲन्युअल क्रेडिट रिपोर्ट या अधिकृत संकेतस्थळावर ते आता आठवड्यातून एकदा विनामूल्य मिळतात. इतर काही ठिकाणी कार्डाचा क्रमांक मागतात, तो देऊ नये. दोन अहवाल स्वच्छ होते. तिसऱ्यात मात्र चार नोंदी माझ्या नव्हत्या: नव्वद दिवस थकलेले एक वाहनकर्ज, दुकानांची दोन बुडीत कार्डे आणि वसुलीला गेलेले २,३१७ डॉलरचे घरभाडे. खात्यांचे आकडे पाहून माणूस आधीच घाबरलेला असतो, म्हणून अहवालाचे पहिले पान, ज्यावर आपली वैयक्तिक माहिती असते, ते कोणी नीट वाचत नाही. मीही ते शेवटी वाचले. तेथे माझ्या पत्त्याखाली टेक्सासमधल्या ह्यूस्टनचा एक पत्ता होता आणि जन्मवर्षे दोन होती, १९७९ आणि १९८६.

उलगडा तेथेच झाला. माझे नाव आणि आडनाव दोन्ही इतकी सर्वसामान्य आहेत, की सांगलीच्या आमच्या शाळेत एकाच वर्गात या नावाच्या आम्ही तिघी होतो आणि बाई हजेरी घेताना वडिलांच्या नावासकट पुकारत. वडिलांचे नाव हीच आमची ओळख होती. अमेरिकेत आल्यावर अर्जातील मधल्या नावाचा रकाना ऐच्छिक असतो, म्हणून कधी मी तो रिकामा सोडला, कधी नुसते आद्याक्षर लिहिले. ह्यूस्टनच्या बाईंनीही बहुधा तेच केले असावे. दोन माणसांची माहिती एकाच फाइलमध्ये मिसळण्याच्या या प्रकाराला इथे ‘मिक्स्ड फाइल’ म्हणतात. फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत पाचपैकी एका ग्राहकाच्या किमान एका अहवालात चूक आढळली होती, हे पुढे वाचनात आले आणि जरा धीर आला.

१२ मार्चला त्या तिसऱ्या ब्युरोच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवली. तेथे कारणे तयार यादीतून निवडावी लागतात आणि स्वतःच्या शब्दांत लिहायला अगदी थोडी जागा असते. ‘ही बाई मी नव्हे’ असा पर्याय यादीत नव्हता, म्हणून ‘हे खाते माझे नाही’ हा चारदा निवडला. कायद्याने ब्युरोला तीस दिवसांत फेरतपासणी करावी लागते. ८ एप्रिलला उत्तर आले, की चारही नोंदी पडताळून बरोबर आढळल्या आहेत. प्रत्यक्षात या पडताळणीत ब्युरो एका संगणकीय प्रणालीमार्फत कर्ज देणाऱ्या कंपनीकडे तक्रारीचा सांकेतिक क्रमांक पाठवतो, कंपनी आपल्याकडील नोंद तपासून ‘बरोबर आहे’ असे कळवते, आणि तपासणी संपते. त्या बाईंचे कर्ज खरोखरच त्यांच्या नावावर होते, म्हणजे कंपनी खोटे बोलत नव्हती. ते माझ्या फाइलमध्ये का आहे, हा प्रश्न मात्र कोणालाच विचारला गेला नव्हता.

त्यानंतर मी ऑनलाइन तक्रारींच्या वाटेला गेले नाही. १५ एप्रिलला पासपोर्ट, वाहन परवाना, विजेचे बिल आणि सनीव्हेलच्या घराचा भाडेकरार यांच्या प्रती जोडून दोन पानी पत्र सर्टिफाइड टपालाने पाठवले. पोचपावतीसह सुमारे दहा डॉलर पडतात. ही पोचपावती म्हणजे हिरव्या रंगाचे एक जाड कार्ड, जे समोरच्याची सही घेऊन परत येते. इथल्या भारतीय माणसाला हिरवे कार्ड म्हटले की दुसरेच काही आठवते आणि त्यासाठी तो वर्षानुवर्षे थांबतो; हे सहा दिवसांत घरी आले. पुढे न्यायालयात याच कार्डांचा सर्वांत जास्त उपयोग झाला.

१७ मे रोजी उत्तर आले, त्यात घरभाड्याची नोंद काढल्याचे कळवले होते आणि बाकीच्या तीन ‘पडताळल्या’ होत्या. पडताळणी कोणत्या पद्धतीने केली, हे विचारण्याचा हक्क ग्राहकाला आहे आणि त्याचे उत्तर पंधरा दिवसांत द्यावे लागते. माझ्या प्रश्नाला एक छापील परिपत्रक आले, ज्यात माझे नाव सोडून माझ्याविषयी काहीही नव्हते. ३ जूनला कन्झ्युमर फायनान्शियल प्रोटेक्शन ब्युरो या सरकारी संस्थेकडे तक्रार केली. ती विनामूल्य आहे, तासाभरात होते, आणि अनेकांचे काम तेवढ्यावर होते. माझे झाले नाही. दोन आठवड्यांनी ‘यापूर्वीच तपासणी केली आहे’ असे क्रेडिट ब्युरोचे उत्तर आले. जुलैच्या मध्यास अहवाल पुन्हा पाहिला, तर काढलेली घरभाड्याची नोंद परत येऊन बसली होती. अशी नोंद पुन्हा घालताना ग्राहकाला पाच कामाच्या दिवसांत लेखी कळवावे लागते. मला कोणीही कळवले नव्हते. त्या संध्याकाळी मी स्वयंपाक केला नाही आणि नवऱ्यानेही कारण विचारले नाही.

वकील करावा, की लहान रकमांचे दावे चालवणाऱ्या स्मॉल क्लेम्स कोर्टात स्वतः जावे, हा विचार तेव्हा सुरू झाला. फेडरल, म्हणजे केंद्रीय, कायद्याचे खटले चालवणारे काही वकील अशिलाकडून पैसे न घेता काम करतात, कारण जिंकल्यास त्यांचे शुल्क प्रतिवादीकडून मिळते. ज्यांचे नुकसान मोठे आहे, उदाहरणार्थ घराचे कर्ज हातचे गेले आहे, त्यांनी आधी त्यांच्याशी बोलावे, असे माझे स्पष्ट मत आहे. माझे नुकसान शेकड्यांत मोजण्यासारखे होते. कॅलिफोर्नियात व्यक्तीला स्मॉल क्लेम्समध्ये १२,५०० डॉलरपर्यंत दावा करता येतो आणि, मला महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे, तेथे सुनावणीत कोणालाही वकील उभा करता येत नाही. कंपनीलासुद्धा आपला एखादा कर्मचारी पाठवावा लागतो, आणि तोही केवळ अशा कामासाठी नेमलेला चालत नाही. इतर राज्यांत मर्यादा आणि नियम वेगळे आहेत.

प्रत्येक काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, स्मॉल क्लेम्सचा मोफत सल्लागार असतो. आमच्या सॅन्टा क्लारा काउंटीतील सल्लागार बाईंशी फोनवर वीस मिनिटे बोलणे झाले आणि त्या वीस मिनिटांत, मी तीन आठवडे वाचून जे समजले नव्हते, ते समजले. दावा लावण्याआधी पैसे मागितलेले असले पाहिजेत, हे त्यांनी सांगितले, म्हणून २२ जुलैला चौदा दिवसांची मुदत देणारे मागणीपत्र क्रेडिट ब्युरोला पाठवले. प्रतिवादीचे नाव, राज्यातील कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या नोंदवहीत जसे आहे अगदी तसेच, शेवटच्या ‘इन्क’ किंवा ‘एलएलसी’सकट लिहायचे, जाहिरातीतले नाव चालत नाही. त्याच नोंदवहीत कंपनीच्या वतीने समन्स स्वीकारणाऱ्या एजंटाचे नाव व पत्ता मिळतो. सर्वांत अवघड बाब त्यांनी शेवटी सांगितली: हे न्यायालय मुख्यतः पैशांचा निवाडा करते, नोंदी दुरुस्त करण्याच्या हुकमाची अपेक्षा ठेवू नका. म्हणजे मला जे खरोखर हवे होते, ते मागण्याची जागा अर्जात नव्हती.

आणखी एक धोका होता. दावा फेडरल कायद्याखाली असला, तर समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत कंपनी तो फेडरल न्यायालयात हलवू शकते, जेथे त्यांचे वकील असतात आणि आपण एकटे असतो. मी अर्जात केवळ कॅलिफोर्नियाच्या ग्राहक क्रेडिट अहवाल कायद्याचाच आधार घेतला. या कायद्यात प्रत्यक्ष नुकसानीत बुडालेला पगारही धरला जातो, आणि उल्लंघन हेतुपुरस्सर असल्यास प्रत्येक उल्लंघनामागे १०० ते ५,००० डॉलरपर्यंत दंडात्मक भरपाईची तरतूद आहे. माझा हिशेब असा होता: वर्षभराच्या जादा हप्त्यांचे ८४० डॉलर, टपाल आणि प्रतींचे ६४, बिनपगारी रजेचे ४२०, आणि दंडात्मक ३,५००, एकूण ४,८२४ डॉलर. शेवटचा आकडा रागातून आला होता, हे आता मान्य करायला हरकत नाही.

१९ ऑगस्टला सॅन होजेच्या न्यायालयात एससी-१०० हा दाव्याचा अर्ज दाखल केला. १,५०० डॉलरपर्यंतच्या दाव्याला ३०, ५,००० पर्यंत ५० आणि त्यापुढे ७५ डॉलर शुल्क आहे. मी ५० भरले. सुनावणीची तारीख १७ ऑक्टोबर मिळाली. समन्सची बजावणी वादीला स्वतः करता येत नाही, पण दाव्याशी संबंध नसलेल्या कोणत्याही प्रौढ माणसाला करता येते. नवरा म्हणाला, “मी शनिवारी सॅक्रामेंटोला जाऊन देऊन येतो, त्यात काय!” शनिवारी एजंटाचे कार्यालय बंद असते, ही अडचण त्याच्या लक्षात आणून दिली आणि ८५ डॉलर देऊन व्यावसायिक माणूस नेमला. प्रतिवादी काउंटीबाहेर असल्यास सुनावणीच्या किमान वीस दिवस आधी समन्स पोचले पाहिजे. ते २८ ऑगस्टला पोचले. बजावणीचा पुरावा असलेला एससी-१०४ फॉर्म सुनावणीच्या पाच दिवस आधी न्यायालयात यावा लागतो. मी तो पुढच्याच आठवड्यात दिला.

तीस दिवसांची ती मुदत गणपतीत आली. घरी पाच दिवसांचा गणपती असतो, माणसे येत-जात होती, आणि दर वेळी टपालपेटी उघडताना फेडरल न्यायालयाचा जाड लिफाफा तर नसेल ना, या विचाराने हात थबकत असे. २७ सप्टेंबर उलटून गेला आणि लिफाफा आला नाही. त्याआधी, २० सप्टेंबरला, क्रेडिट ब्युरोच्या कायदा विभागातून मात्र फोन आला होता. बोलणाऱ्या बाई सौजन्याने वागल्या. त्यांनी दावा मागे घेण्याबद्दल ७५० डॉलर देऊ केले. नोंदींचे काय, असे विचारल्यावर ‘तो वेगळ्या विभागाचा विषय आहे’ असे उत्तर मिळाले. आधी नोंदी, मग पैसे, असे सांगून मी फोन ठेवला आणि ठेवल्यावर बराच वेळ हात थरथरत होते. असा प्रस्ताव आल्यास तो लेखी मागावा, आणि त्यात नोंदी काढण्याची तारीख नसेल तर सही करू नये, एवढेच यावर सांगेन.

सुनावणीच्या आदल्या दिवशी कोजागिरी होती. दूध आटायला ठेवून स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागदांचे तीन संच लावत बसले: एक न्यायाधीशांसाठी, एक प्रतिवादीसाठी, एक माझा. प्रत्येक संचाला एकाच पानाची, तारखांची जंत्री वर लावली. ह्यूस्टनच्या बाईंचे खातेक्रमांक आणि घराचा क्रमांक काळ्या पेनाने खोडले. हे करताना जरा विचित्र वाटले; या बाईंना मी कधी पाहिले नव्हते, पण त्यांचे हप्ते कोणत्या महिन्यापासून चुकू लागले आणि त्यांनी घर कधी सोडले, हे मला माहीत होते. मध्यरात्री गच्चीत चंद्राला दूध दाखवायला गेलो तेव्हा ‘कोण जागे आहे’ या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर तयार होते.

न्यायालयात तासभर आधी पोचावे. सुरक्षातपासणीची रांग लांब असते. सुनावणीपूर्वी दोन्ही बाजूंनी एकमेकांना कागद दाखवायचे असतात, त्यासाठी सर्वांना बाहेर मार्गिकेत पाठवतात. ब्युरोकडून आलेले गृहस्थ मध्यमवयीन होते, हातात एक पातळ फोल्डर. बाकावर बसून त्यांनी माझ्या संचाचे चौथे पान उघडले. त्यावर मी अहवालातील दोन जन्मवर्षे आणि दोन पत्ते समोरासमोर ठेवले होते आणि खाली माझा परवाना होता. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, पान डोळ्यांजवळ नेले, एकदा माझ्याकडे पाहिले आणि हळूच म्हणाले, “या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत.” मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत ही दोन माणसे एकाच पानावर कोणीतरी पाहावीत एवढीच माझी धडपड होती, आणि ते पाहायला त्यांना अर्धे मिनिटही लागले नाही. त्यांनी बाजूला जाऊन फोन केला. नोंदी काढू, पण आज लेखी देण्याचा अधिकार मला नाही, असे ते परत येऊन म्हणाले. मग सुनावणी होऊ द्या, असे मी म्हटले.

न्यायाधीशांच्या जागी त्या दिवशी तात्पुरते नेमलेले एक वकील होते. त्यांनी दावा ऐकावा यासाठी दोन्ही बाजूंची संमती घेतात. शपथ सर्वांना एकत्रच दिली. आमची सुनावणी फार तर बारा मिनिटे चालली. पाठ केलेले भाषण दोन वाक्यांनंतर थांबवून त्यांनी तारखांची जंत्री मागितली आणि पुढे प्रश्न तिच्यावरूनच विचारले. नाव, आडनाव आणि सोशल सिक्युरिटी या सरकारी ओळखक्रमांकाच्या नऊपैकी सात आकड्यांवरून फाइल जुळली असावी, असे ब्युरोच्या गृहस्थांनी सांगितले. मधले नाव का पाहिले नाही, असे विचारल्यावर ते म्हणाले, की पुष्कळ ठिकाणी ते दिलेलेच नसते. यावर न्यायाधीशांनी माझ्याकडे पाहिले, तेव्हा आमच्याकडे मधले नाव वडिलांचे असते आणि शाळेत त्यावरूनच आम्हा तिघींना ओळखत, हे मी सांगितले. त्यांनी ते लिहून घेतले. दुसरा एक प्रश्न मला जड गेला: ब्युरोने हे जाणूनबुजून केले, याचा पुरावा काय? चार वेळा कळवूनही पाहिले नाही, एवढेच माझे उत्तर होते. निकाल तेथे दिला जात नाही, टपालाने येतो.

२९ ऑक्टोबरला, निकालाआधीच, ब्युरोचे पत्र आले: चारही नोंदी आणि ह्यूस्टनचा पत्ता काढला होता. लगेच अहवाल उतरवून पाहिला, आणि एकदा फसल्यामुळे पुढे तीन महिने दर आठवड्याला पाहत राहिले. दिवाळी संपल्यावर एससी-१३० फॉर्मवर निकाल मिळाला, त्यावर ४ नोव्हेंबर ही टपालाची तारीख होती. सुनावणीपर्यंतच्या सात हप्त्यांचे ४९०, टपालाचे ६४, पगाराचे ४२० आणि दाव्याचा खर्च १३५. एकूण १,१०९ डॉलर मंजूर झाले. दंडात्मक भरपाई नाकारली. मला ते लागले, पण निकाल पुन्हा वाचल्यावर चुकीचा वाटला नाही. तसाही वादीला या न्यायालयातून अपील करता येत नाही, प्रतिवादीला मात्र तीस दिवसांत करता येते, आणि केल्यास वकिलांसह सारे नव्याने चालते. म्हणून ४ डिसेंबरपर्यंत पैशांचा विचार केला नाही. अपील झाले नाही. ११ डिसेंबरला धनादेश आला. फेब्रुवारीत क्रेडिट युनियनने, म्हणजे इथल्या पतसंस्थेने, वाहनकर्ज ६.९ टक्क्यांवर घेतले.

आता प्रत्येक अर्जात, रकाना ऐच्छिक असला तरी, मी वडिलांचे नाव पूर्ण लिहिते. ब्युरोच्या अहवालातही ते आले आहे, एक अक्षर चुकून. खटल्याचे कागद एका खोक्यात होते, ते जानेवारीत वेगळे केले. ह्यूस्टनच्या बाईंची पाने श्रेडरमध्ये घातली; माझी, तीन हिरव्या कार्डांसह, कपाटात आहेत.